आधी रस्ता, मग इंजिन : जुनी छोटी एसयूव्ही घेताना

ब्रेझा घ्यावी की नेक्सॉन, व्हेन्यू की सोनेट? जुनी छोटी एसयूव्ही घ्यायची ठरली की घरातली पहिली चर्चा या नावांवर होते. मग रंग, सनरूफ, फर्स्ट ओनर आहे का, किती चालली, हे प्रश्न येतात. बॉनेटखाली कोणतं इंजिन आहे, हा विषय बहुतेक वेळा सौदा ठरत आल्यावर निघतो. हा क्रम उलटा करावा, एवढंच या प्रकरणाचं सांगणं आहे.

कारण एका नावाखाली अगदी वेगळ्या स्वभावाच्या गाड्या असतात. मारुतीची व्हिटारा ब्रेझा मार्च २०१६ मध्ये आली, तेव्हा ती फक्त डिझेलमध्ये मिळत होती. फेब्रुवारी २०२० पासून ती फक्त पेट्रोलमध्ये मिळू लागली. २०१९ची आणि २०२१ची ब्रेझा शेजारी उभ्या केल्या, तर नवख्या माणसाला फारसा फरक कळणार नाही. पण एकीत १२४८ सीसीचं टर्बो डिझेल आहे आणि दुसरीत १४६२ सीसीचं साधं पेट्रोल. घाटात, शहरात, पंपावर आणि वर्कशॉपमध्ये या दोन गाड्या वेगळ्या वागतात. सीट कव्हर, टायर, म्युझिक सिस्टीम नंतर बदलता येते. इंजिन पदरात पडलं की पडलं.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. नवी गाडी घेताना फक्त तुमचं रनिंग पाहायचं असतं. जुनी घेताना दोन रस्ते पाहावे लागतात : तुम्ही ती कुठे चालवणार आहात, आणि मागच्या मालकानं ती कुठे चालवली. ते इंजिन या दोन्ही रस्त्यांना साजेसं असेल, तरच गाडी चांगली. लाख किलोमीटर चाललेली गाडी निरोगी निघते आणि तीस हजार चाललेली आजारी निघते, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

ही इंजिनं इतकी छोटी का?

या गाड्यांचा घाट करानं ठरवला आहे. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी गाडी कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला, दर बदलले, पण ही रेघ राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये या रेघेच्या आतल्या गाड्यांवर १८ टक्के आणि बाहेरच्यांवर ४० टक्के कर लागू झाला, तेव्हाही मोजपट्टी तीच होती.

एसयूव्हीसारखी उंच गाडी या मापात बसवण्याचा पहिला प्रयत्न पिंपरी-चिंचवडच्या प्रीमियर कंपनीनं २००९ मध्ये 'रिओ' आणून केला. पण बाजार खऱ्या अर्थानं उघडला तो २०१३च्या फोर्ड इकोस्पोर्टनं. त्यानंतर ब्रेझा, रांजणगावात बनणारी टाटा नेक्सॉन (२०१७), नाशिकमध्ये बनणारी महिंद्रा एक्सयूव्ही३०० (२०१९), ह्युंदाई व्हेन्यू (२०१९), किया सोनेट (२०२०), निस्सान मॅग्नाइट (२०२०) आणि रेनॉ कायगर (२०२१) अशी रांगच लागली.

कर वाचवण्याचं माप ठरलेलं, त्यामुळे अभियंत्यांपुढे मोजकेच पर्याय उरले. १.२ लिटरचं साधं पेट्रोल, १.० किंवा १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, नाहीतर १.५ लिटरपर्यंतचं डिझेल. पेट्रोल ब्रेझानं मात्र चार मीटरच्या आत राहूनही १.५ लिटरचं इंजिन घेतलं आणि जास्त कर सोसला. त्यामुळे जुन्या बाजारात आज जे काही दिसतं, ते या चार जातींपैकी एक असतं. एकेकीचा स्वभाव ओळखला की निवड सोपी होते.

घाटात कळणारा आकडा

जाहिरातीत हॉर्सपॉवर ठळक छापतात. रोजच्या चालवण्यात जाणवतो तो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. त्याहून महत्त्वाचं हे, की तो जोर इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, म्हणजे किती आरपीएमवर मिळतो.

व्हेन्यूच्या १.२ साध्या पेट्रोलचा टॉर्क ११४ न्यूटन-मीटर आहे आणि तो ४००० आरपीएमला मिळतो. त्याच व्हेन्यूचं १.० टर्बो पेट्रोल १७२ न्यूटन-मीटर देतं आणि ते १५०० आरपीएमपासून. नेक्सॉनचं १.५ डिझेल १५०० पासून २६० देतं. एक्सयूव्ही३००चं डिझेल तेवढ्यावरच ३०० देतं.

हे आकडे कसारा घाटात किंवा आंबा घाटात नेऊन पाहा. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू, पुढे ऊस भरलेला ट्रक. साध्या १.२ पेट्रोलमध्ये ट्रकला मागे टाकायचं तर तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, इंजिन चार हजारांच्या पुढे ओरडवावं लागतं आणि मोकळा रस्ता भरपूर लांब दिसावा लागतो. डिझेल किंवा टर्बो पेट्रोल तिसऱ्यातच सरकत पुढे जातं. ओव्हरटेकला लागणारा वेळ कमी होतो, म्हणजे समोरच्या लेनमध्ये थांबण्याचा वेळही कमी होतो. घाटातून नेहमी भरल्या गाडीनं जाणाऱ्यांसाठी हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

पण म्हणून साधं पेट्रोल वाईट ठरत नाही. त्यात टर्बो नाही, त्याला तेल पोचवणाऱ्या नळ्या नाहीत, इंटरकूलर नाही. बिघडायला भागच कमी. ऑफिस, शाळा, मंडई आणि वर्षातून दोन-तीनदा गावी जाणं, एवढंच रनिंग असेल, तर हे इंजिन वर्षानुवर्षं त्रास न देता चालतं. वारंवार थांबत, बंद-चालू होत चालणं ते इतरांपेक्षा मुकाट्यानं सोसतं. जास्त जोर आणि साधेपणा दोन्ही हवं असेल, तर १.५ लिटरची पेट्रोल ब्रेझा किंवा तिचंच रूप असलेली टोयोटाची अर्बन क्रूझर पाहावी. १३८ न्यूटन-मीटर टॉर्क, चार सिलिंडर, टर्बो नाही. घाटात गिअर बदलावा लागतो, पण इंजिन दमत नाही.

टर्बो पेट्रोल चालवायला सगळ्यात आनंदाचं. त्याची अट एकच : ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्या दर्जाचंच हवं. टर्बोचं पातं सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त वायूवर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि त्याच्या बेअरिंगला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. ज्या मालकानं दोन सर्व्हिस चुकवल्या किंवा पैसे वाचवायला कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिळेल ते ऑइल घातलं, त्याची टर्बो गाडी बाहेरून कितीही चकाचक असली तरी टाळावी. फोर्ड इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्ट इंजिनाला हे दुपटीनं लागू आहे. त्यात टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून फिरतो. चुकीच्या ऑइलनं त्याचं रबर झिजतं, कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, दाब घटतो आणि इंजिन जाऊ शकतं. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं, त्यामुळे ही गाडी स्वस्त दिसते. ऑइलचा पूर्ण हिशेब असलेली मिळाली तरच ती खरोखर स्वस्त.

डिझेल कोणासाठी?

आधी पैशांचा हिशेब करू. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरा. पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज १४ आणि डिझेलचं १८ धरलं, तर किलोमीटरला अनुक्रमे साडेसात आणि पाच रुपये पडतात. फरक अडीच रुपयांचा. महिन्याला ६०० किलोमीटर रनिंग असेल तर वर्षाला १८ हजार वाचतात, १५०० असेल तर ४५ हजार. सारख्याच वयाची डिझेल गाडी लाखभर रुपयांनी महाग मिळत असेल, तर पहिल्या माणसाचे पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतात, दुसऱ्याचे सव्वादोन वर्षांत सुटतात. तुमच्या गावचे भाव आणि समोरच्या गाडीची किंमत घालून हे गणित कागदावर मांडा.

हिशेबापलीकडची गोष्ट म्हणजे डीपीएफ. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ मानकं लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी ही गाळणी आली. कंदिलाच्या काचेसारखी ती काळवंडत जाते, आणि साफ व्हायला तिला सुमारे ६०० अंश सेल्सियसची धग लागते. मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात गाडी चालली की ही काजळी जळून जाते. रोज घर ते स्टेशन चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती जळतच नाही. गाडी धग वाढवायला जादा डिझेल सोडते, मालक मध्येच इंजिन बंद करतो, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग झिजतात. गाळणी पूर्ण तुंबली तर बदलण्याचा खर्च मोठा असतो.

म्हणून बीएस६ डिझेलमध्ये 'कमी चाललेली' हे कौतुक नसून धोक्याची खूण असू शकते. नाशिक-मुंबई किंवा कोल्हापूर-पुणे करणाऱ्या माणसाची ऐंशी हजार चाललेली डिझेल नेक्सॉन ही सोसायटीच्या पार्किंगमधून बाजारापर्यंतच गेलेल्या पंचवीस हजारांच्या गाडीपेक्षा चांगली निवड आहे.

२०२० पूर्वीच्या बीएस४ डिझेलमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही. त्यातली १.३ मल्टीजेट ब्रेझा अजूनही मागणीत आहे. मुळात फियाटचं हे इंजिन स्विफ्टपासून इंडिकापर्यंत इतक्या गाड्यांत बसलं, की लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. स्पेअर आणि जाणकार मेकॅनिक तालुक्याच्या गावीही मिळतात. दोन हजार आरपीएमच्या खाली ते सुस्त असतं, तेवढं चालवून पाहावं. वय मात्र मोजावं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, फेरनोंदणी आणि महाराष्ट्रात हरित कर येतो.

इथेनॉल आणि सीएनजी

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या इंधनासाठी बनल्या आहेत. त्याआधीच्या पेट्रोल गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच. दोन्ही गोष्टी भाव ठरवताना बोलायच्या.

सीएनजी गाडी मुंबई-पुण्यात रोज लांब पल्ला मारणाऱ्याला परवडते. कंपनीनं बसवलेलं किट असेल तर उत्तम. बाहेरून बसवलं असेल, तर आरसी बुकात त्याची नोंद आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, ते पाहा. डिकीची जागा आणि कोकणातल्या गावापर्यंतचे पंप हेही हिशेबात धरा.

ऑटोमॅटिक हवी असेल, तर तिची जातही विचारा. एएमटी स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी, पण गिअर बदलताना हिसका देते. टॉर्क कन्व्हर्टर सोशिक. कोरड्या क्लचची डीसीटी मोकळ्या रस्त्यावर झकास, पण इंचाइंचानं सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापते. म्हणून इथेही मागच्या मालकाचा रस्ता विचारायचाच.

मागचा रस्ता कसा वाचायचा?

गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्यानं आधीच सुरू करून घेतली आहे. मग दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन खरं बोलतं.

सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा बुडवा आणि पाहा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर निगा नाही, किंवा इंजिन ऑइल खातं. बीएस६ डिझेलमध्ये पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वासाला डिझेल जाणवत असेल, तर ती गाडी शहरातच घुटमळली आहे. डीपीएफची सगळी कहाणी त्या पट्टीवर दिसते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत साईसारखा पांढरट थर भरपूर असेल, तर कूलंट ऑइलमध्ये जात असल्याची शंका घ्या.

आता इंजिन सुरू करा आणि कोणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट. डिझेलमध्ये दाट काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेचा मार्ग. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरतंच. नेक्सॉन पेट्रोल, व्हेन्यू टर्बो, मॅग्नाइट यांत ते दोष धरू नका. मात्र थरथर अनियमित, अडखळती असेल तर सोडू नका.

टेस्ट ड्राइव्ह सपाट गल्लीत घेऊ नका. चढावर जा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस-पस्तीसवरून ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली. टर्बो गाडीत जोर एका लयीत चढायला हवा. शिट्टीचा मोठा आवाज किंवा मध्येच ढिलं पडणं चांगलं नाही. जवळच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या. पुसून टाकलेले फॉल्ट कोड पुन्हा यायला थोडं अंतर चालावं लागतं, म्हणून स्कॅन ड्राइव्हनंतर करा.

मीटर मागे फिरवणं आजही होतं. मीटर पन्नास हजार सांगत असेल आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत झालं असेल, तर जुळत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ची, मीटर वीस हजारांचं आणि टायर मात्र नवे बदललेले असतील, तर का बदलले ते विचारा. गाडीच्या नंबरावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे नोंदी मिळतात. त्यात प्रत्येक भेटीचं मीटर रीडिंग असतं. तारखा आणि आकडे शेजारी मांडले, की गाडी महिन्याला किती चालली हे लख्ख दिसतं.

पाण्यात बुडालेली गाडी वेगळीच काळजी मागते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं, आणि अशा प्रत्येक पुरानंतर धुऊन-पुसून गाड्या बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. एरवी गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ दिसते. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते तिथला गंज, डिकीत स्टेपनीखालचा गाळ, मॅटखालचा कुबट वास पाहा. आजच्या गाडीत वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स इतकं असतं, की बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

कागद

आरसी बुकावरचा इंजिन आणि चॅसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा. इंधनाचा प्रकार आणि मानक तिथेच लिहिलेलं असतं. कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ हवा. मालकी बदलायला नमुना २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर नमुना २८. थकलेली ई-चलानं विकणाऱ्यालाच भरायला लावा. मालकी बदलल्यावर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

दिल्ली पासिंगची डिझेल गाडी लाखभरानं स्वस्त मिळते, कारण दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंधांची टांगती तलवार आहे. तिची नोंदणी इथे करायची तर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, ना-हरकत दाखला, एजंटची धावपळ आलीच. शिवाय तिची वर्षं गर्दीच्या शहरात गेलेली असण्याची शक्यता मोठी. हे सगळं बेरजेत धरल्यावर स्वस्ताई बरीच आटते.

निर्णय

महिनाभर आपलं रनिंग एका वहीत लिहा : किती किलोमीटर, त्यातलं शहरातलं किती, हायवेचं किती, घाट किती, गाडीत माणसं किती. हजार किलोमीटरच्या आत आणि बहुतेक शहरात, तर पेट्रोल. त्यात घाट आणि भरलेली गाडी वारंवार असेल, तर टर्बो पेट्रोल किंवा १.५ पेट्रोल. पंधराशेच्या पुढे आणि त्यातलं बरंच मोकळ्या रस्त्यावर, तर डिझेल. हजार ते पंधराशेच्या मधल्यांनी वरचं गणित मांडून ठरवावं. इंजिन ठरल्यावरच नावं निवडा, आणि त्या नावात ते इंजिन असलेली, त्याला मानवेल अशा रस्त्यावर चाललेली गाडी शोधा. शोध लांबेल, एखादा चांगला दिसणारा सौदा सोडावाही लागेल. सोडा.

ठरलेल्या बजेटमधले तीस-चाळीस हजार बाजूला ठेवा. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल असेल तर डिझेल फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग बिलावर लिहून घ्या. तिथून पुढची प्रत्येक नोंद तुमची. पाच वर्षांनी तुम्ही गाडी विकायला काढाल, तेव्हा समोरचा माणूस हेच सगळे प्रश्न विचारेल, आणि त्याच्यापुढे ती बिलं ठेवता आली तर भावही तुमच्या मनासारखा मिळेल.